दादासाहेब फाळके : अंधाऱ्या खोलीतला संसार

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळातल्या मैत्रिणीने मला आधीच बजावले होते की शाळेच्या आठवणी लिहू नकोस. आठवणींचा गठ्ठा तिच्याकडे भरपूर जमला आहे आणि मैदानातल्या चिंचेवर तर चौघांनी लिहिले आहे म्हणे. म्हणून मी एका अशा माणसाविषयी लिहिते आहे, ज्याचा वडशाशी काही संबंध नाही. त्याचा धंदा मात्र आपल्याला चांगला ओळखीचा आहे.

दिवाळी झाली, भाऊबीज झाली की आपल्याकडे मंडई सुरू होते. दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक, ते थेट उजाडेपर्यंत. झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांची कार्यालये आपल्याच गावात, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना. चारचौघांनी मिळून कंपनी काढायची, कर्ज काढून पडदे रंगवून घ्यायचे, कलाकार जमवायचे, हंगाम चांगला गेला तर बरे आणि नाही गेला तर घरचे विकून देणी द्यायची, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यामुळे धुंडिराज गोविंद फाळके या माणसाने घरदार पणाला लावून खेळ उभा केला, हे वाचून बाकीच्यांना जेवढे नवल वाटते तेवढे आपल्याला वाटणार नाही. नवल आहे ते दुसऱ्याच गोष्टीचे, त्याकडे मी येतेच.

फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे शास्त्री. पुढे ते मुंबईत विल्सन कॉलेजात शिकवू लागले आणि कुटुंब मुंबईला आले. मुलाने मात्र पौरोहित्य न शिकता १८८५ मध्ये जे. जे. कलाशाळेत नाव घातले आणि तिथून बडोद्याच्या कलाभवनात गेला. चित्रकला, मातीकाम, छायाचित्रण, ब्लॉक बनवणे, जे दिसेल ते शिकायचे असा स्वभाव. आजच्या भाषेत बोलायचे तर बायोडेटा फार विस्कळीत. गोध्र्याला फोटोचा धंदा टाकला, तर प्लेगने पहिली पत्नी आणि मूल दोन्ही नेले. मधल्या काळात एका परदेशी जादूगाराकडून जादूचे प्रयोग शिकून घेतले. फाळके हे आडनाव उलटे वाचून प्रोफेसर केल्फा या नावाने ते जादूचे खेळही करत. ही गमतीची गोष्ट म्हणून सांगितली जाते, पण तिला पुढे फार महत्त्व येते.

१९०२ मध्ये दुसरे लग्न झाले. मुलगी किर्लोस्कर नाटक मंडळीशी नाते असलेल्या घरातली, माहेरचे नाव गिरिजा करंदीकर. लग्नानंतर ती सरस्वतीबाई झाली. फाळके तेव्हा पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून लागले होते. पक्की सरकारी नोकरी. स्वदेशीच्या वाऱ्यात १९०६ मध्ये ती सोडली आणि लोणावळ्याला छपाईचा कारखाना काढला. रविवर्म्याच्या चित्रांचे काम तिथे होई. १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रे आणायला जर्मनीला जाऊन आले. धंदा चालला, नाव झाले, मग भागीदारांशी पटेना आणि १९११ मध्ये हा माणूस छापखान्यातून रिकाम्या हाताने बाहेर पडला. वय एकेचाळीस. आपल्यातले बहुतेक जण आज त्याच वयाच्या आसपास आहेत, म्हणून मुद्दाम सांगते.

त्याच वर्षी एप्रिलात, ईस्टरच्या सुमारास, गिरगावातल्या अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी चित्रपट पाहिला. आधी प्राण्यांचा, मग ख्रिस्ताच्या जीवनावरचा. ख्रिस्ताचा चित्रपट पाहायला सरस्वतीबाईही बरोबर होत्या. पडद्यावर ख्रिस्त हलत होता आणि फाळक्यांना त्या जागी राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या दिसत होती. हे त्यांनी पुढे १९१७ मध्ये ‘नवयुग’ मासिकातल्या लेखांत स्वतःच लिहून ठेवले आहे. त्यानंतरचे काही महिने त्यांनी मिळेल तो चित्रपट पाहिला, मिळेल ते पुस्तक वाचले, झोप दोन-तीन तासांची. डोळ्यांवर इतका ताण पडला की दिसेनासे झाले. डॉ. प्रभाकर यांच्या उपचाराने आणि एकामागून एक बदललेल्या चष्म्यांनी दृष्टी परत आली.

विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले. ओळखपाळख कुणाची नाही. ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या कचेरीत सरळ आत जाऊन संपादक कॅबर्न यांना भेटले. त्यांनी सांगून पाहिले की भारतात हा धंदा चालणार नाही, पण माणूस हटत नाही म्हटल्यावर सेसिल हेपवर्थ यांच्या वॉल्टनच्या स्टुडिओत त्यांची सोय करून दिली. या हेपवर्थांनी १९०५ मध्ये एका हरवलेल्या बाळाचा आणि ते शोधणाऱ्या कुत्र्याचा छोटा चित्रपट काढला होता. वेगवेगळ्या जागी घेतलेले तुकडे असे जोडायचे की कुत्रा सलग धावतो आहे असे वाटावे, याचे ते सुरुवातीचे नावाजलेले उदाहरण आहे. म्हणजे फाळके जोडकाम पाहायला योग्य घरी गेले होते. तिथून विल्यमसन कॅमेरा, फिल्मला भोके पाडायचे यंत्र आणि कोडॅकच्या कच्च्या फिल्मची मागणी असे सगळे उरकून १ एप्रिलला परत.

आता भांडवल हवे. त्यासाठी त्यांनी जे केले ते मला त्यांच्या सगळ्या आयुष्यात सर्वात हुशारीचे वाटते. कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा समोर रोवून रोज थोडी थोडी चित्रे घेतली. महिनाभर. मग ती सलग दाखवली, तर मिनिटभरात बी फुटून वेल वर चढलेला दिसला. आपण धानाच्या मुलखातले. रोप वाढताना दिसत नाही, पण वाढते, हे आपल्याला कुणी सांगायला नको. ते दिसते कसे करायचे हे या माणसाने दाखवले आणि सावकाराने पैसे दिले. ‘अंकुराची वाढ’ या नावाने तो तुकडा ओळखला जातो. कथा नाही, नट नाही, फक्त वेळ कापून जोडलेला.

‘राजा हरिश्चंद्र’ची हकिकत बहुतेकांना ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ या चित्रपटामुळे ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगते. बाई मिळेना. सरस्वतीबाईंना तारामती करायला सांगितले तर त्यांनी नकार दिला, कारण त्या उभ्या राहिल्या तर बाकीचे काम कोण करणार. शेवटी ग्रँट रोडच्या खाणावळीत दहा रुपये पगारावर असलेले अण्णा साळुंके पंधरा रुपयांवर तारामती झाले. आपल्याकडे दंडारीत पुरुषच बायकांची सोंगे घेत, त्यामुळे त्यात आपल्याला वावगे काही वाटायचे नाही. बाकीच्या पुरुष नायिकांना मिश्या काढा म्हटले तर ते बिथरले. वडील जिवंत असताना मिशी उतरवणे म्हणजे अभद्र. दत्तात्रय दाबके हरिश्चंद्र झाले आणि थोरला मुलगा भालचंद्र रोहिदास. चित्रपटात काम करतो असे सांगायची लाज वाटे, म्हणून सगळ्यांनी हरिश्चंद्राच्या कारखान्यात कामाला आहोत असे सांगायचे ठरले होते.

आणि तो खरोखर कारखानाच होता. दादरचे राहते घर. माणसे सत्तरच्या घरात आणि त्या सगळ्यांचा स्वयंपाक सरस्वतीबाईंकडे. दुपारी ऊन चेहऱ्यावर परतवायला पांढरी चादर धरून उभे राहायचे तेही त्यांनीच. सगळे जेवून झोपले की मग त्यांचे खरे काम सुरू होई.

इथे मी माझ्या सवयीने थोडा हिशेब करून पाहिला. त्या वेळी कच्ची फिल्म भोकांशिवाय येई. यंत्राच्या दातांनी फिल्म पुढे ओढायची तर कडेला भोके हवीत. एका चित्राला दोन्ही कडांना चार-चार, म्हणजे आठ. एका फुटात सोळा चित्रे. ‘राजा हरिश्चंद्र’ ३,७०० फुटांचा. गुणाकार केला तर ५९,२०० चित्रे आणि ४ लाख ७३ हजार ६०० भोके. हे एकाच पट्टीचे झाले. कॅमेऱ्यातली मूळ फिल्म वेगळी आणि दाखवायची प्रत वेगळी, तेव्हा हा आकडा किमान दुप्पट धरा. यंत्र एका दमात काही भोके पाडी, पण ते चालवायचे हाताने आणि अंधारात, फार तर लाल दिव्याच्या उजेडात. भोक केसभर सरकले की पडद्यावरचे चित्र थरथरणार. दिवसभर सत्तर माणसांच्या भाकऱ्या भाजलेले हात रात्री हे काम करत होते.

सुरतेकडच्या जाहिरातीत फाळक्यांनी म्हटले होते की तीन आण्यांत सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ पाहा, चित्र दोन मैल लांब. चित्रांचा आकडा माझ्या हिशेबाशी चांगला जुळतो. दोन मैल मात्र नाही, ३,७०० फूट म्हणजे पाऊण मैलही भरत नाही. जाहिरात ती जाहिरातच. मंडईच्या भोंग्यावरची घोषणा ऐकलेल्या आपल्याला हे समजावून सांगायला नको.

भोके पाडून झाली की चित्रण, मग रसायनांत फिल्म धुणे. रसायनांची मापे सरस्वतीबाईंनी शिकून घेतली होती. मग वाळवणे, आणि मग जोडणी. तुकडा कातरीने कापायचा, कडेची बारीक पट्टी खरवडून काढायची, दुसरा तुकडा त्यावर बसवायचा, डिंकासारखे द्रव लावून दाबून धरायचे. आता आपल्या गावची पोरे हळदीच्या आणि वरातीच्या गाण्यांचे व्हिडिओ मोबाइलवर बोटाने कापून जोडतात, चुकले की मागे जातात. इथे मागे जायची सोय नव्हती. कापले ते कापले. प्रत्येक जोडाला एखाददुसरे चित्र कायमचे जाई आणि नवी फिल्म विलायतेहून यायची.

हे काम कुणी केले? फाळक्यांनी ते सरस्वतीबाईंना शिकवले आणि दोघांनी मिळून केले, एवढे निश्चित आहे. आज त्यांना भारतातली पहिली चित्रपट संकलक म्हणतात. त्या काळी संकलक हा शब्द या कामासाठी कुणी वापरत नव्हते आणि पडद्यावर असली नावे येत नव्हती. कोणता जोड कुणाच्या हातचा हे आता वेगळे काढता येणार नाही. पण मला वाटते, फाळक्यांना भारतीय चित्रपटाचे जनक म्हणताना जनकाबरोबर जी असते तिचा उल्लेख गाळणे हे साध्या मराठीतही बसत नाही.

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लागला. सहा महिने सत्तावीस दिवसांत तयार झाला होता. त्याला जी गर्दी झाली तिचे एक कारण हरिश्चंद्राची कथा आणि दुसरे, प्रोफेसर केल्फा. कॅमेरा थांबवायचा, नटाने बाजूला व्हायचे, पुन्हा कॅमेरा चालू करायचा, मधली जोडणी नीट करायची. पडद्यावर माणूस अदृश्य. एकाच फिल्मवर दोनदा चित्रण केले की ज्वाळांत आकृती उभ्या राहतात. जादूगार हातचलाखीने प्रेक्षकाची नजर चुकवतो, फाळके दोन चित्रांच्या मधल्या फटीत चुकवत. १९१८ च्या ‘श्रीकृष्ण जन्म’मध्ये कंसाला आपलेच मुंडके धडावेगळे होऊन वर जाताना दिसते. शंभर वर्षांपूर्वीची माणसे किंचाळली असतील. मी लॅपटॉपवर थांबवून थांबवून पाहिले, तरी जोड पटकन सापडला नाही.

१९१३ मध्येच सगळे बिऱ्हाड नाशिकला नेले. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी कामे केली, म्हणजे पडद्यावर बाई आली ती दुसऱ्याच चित्रपटात. १९१४ मध्ये चित्रपट घेऊन फाळके पुन्हा लंडनला गेले. तिथे राहून काम करण्याविषयी विचारणा झाली तरी राहिले नाहीत. तेवढ्यात महायुद्ध सुरू झाले, पैशाचा पुरवठा आटला, घरातले दागिने मोडावे लागले. अण्णा साळुंके राम आणि सीता दोन्ही झालेला १९१७ चा ‘लंका दहन’ मात्र असा चालला की तिकिटाची नाणी पोत्यांत भरून बैलगाडीने न्यावी लागल्याची आख्यायिका आहे. त्याच वर्षी त्यांनी चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारा एक छोटा चित्रपटही काढला. त्याचा जो तुकडा उरला आहे त्यात फाळके फिल्मची पट्टी हातात धरून निरखताना दिसतात. सरस्वतीबाईंना मी त्यात शोधले. दिसल्या नाहीत.

पैसा आला तसे भागीदारही आले. १९१८ मध्ये मुंबईच्या पाच भांडवलदारांबरोबर हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी झाली. भांडवलदारांना हिशेब हवा आणि फाळक्यांना मनासारखे होईपर्यंत पुन्हा पुन्हा चित्रण. छापखान्यात झाले तेच इथे झाले. ते राजीनामा देऊन सहकुटुंब काशीला निघून गेले आणि तिथे ‘रंगभूमी’ नावाचे नाटक लिहिले, ज्यात नाटकधंद्यावरच टीका होती. १९२२ मध्ये परत येऊन त्याच कंपनीत काम धरले आणि पुढे बरेच चित्रपट काढले, पण मालकी गेली ती गेली. घरातला कारखाना जाऊन कंपनी झाल्यानंतरच्या हकिकतींत सरस्वतीबाईंचे नावही कमी कमी होत जाते.

मग बोलपट आला. १९३१ मध्ये ‘आलम आरा’, आणि १९३२ मध्ये पहिला मराठी बोलपट, प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’. गोष्ट कोणती, तर हरिश्चंद्राचीच. एकोणीस वर्षांपूर्वी ज्याने ती गोष्ट मुकी दाखवली तो माणूस त्याच वर्षी ‘सेतुबंधन’ हा मूकपट घेऊन उभा होता. नंतर त्याला आवाज जोडून तो पुन्हा दाखवावा लागला. कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव खरा बोलपट आणि शेवटचा चित्रपट. सत्तरीकडे झुकलेल्या माणसाने पुन्हा नवे तंत्र शिकून केलेला. आमच्या धंद्यात दर पाच वर्षांनी हे होते आणि चाळिशीतच दम लागतो, म्हणून मला त्याचे जास्त वाटते.

१९३९ मध्ये मुंबईत भारतीय चित्रपटाचा रौप्यमहोत्सव झाला. ज्याच्यामुळे महोत्सव, तो माणूस नाशिकला अडचणीत दिवस काढत होता. शांतारामबापूंच्या पुढाकाराने त्यांच्यासाठी मदतनिधी जमला आणि नाशिकला राहायला घर झाले. दुसऱ्या महायुद्धात चित्रपट काढायला सरकारचा परवाना लागे. फाळक्यांनी त्यासाठी अर्ज केला होता. नकार आला. त्यानंतर लवकरच, १६ फेब्रुवारी १९४४ रोजी ते नाशिकला गेले. त्यांच्या नावाचा पुरस्कार सरकारने १९६९ मध्ये सुरू केला, म्हणजे मरणानंतर पंचवीस वर्षांनी.

लहानमोठे मिळून शंभराहून अधिक चित्रपट त्यांनी केले. उरले फार थोडे. ती फिल्म नायट्रेटची, पटकन पेट घेणारी आणि न पेटली तरी डब्यात हळूहळू चिकट होऊन विरघळणारी. कित्येकांनी जुनी फिल्म तिच्यातल्या चांदीसाठी विकून टाकली. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या कुटुंबाकडून जे मिळेल ते गोळा केले, म्हणून आपण आज काही पाहू तरी शकतो. ‘राजा हरिश्चंद्र’चे पहिले आणि चौथे रीळ आहे. तेही १९१३ चे नसून १९१७ मध्ये नव्याने केलेल्या चित्रपटाचे आहे असे नायर यांचे मत होते. अभ्यासक तेच मानतात. म्हणजे ४ लाख ७३ हजार ६०० भोकांपैकी एकही शिल्लक नाही असे धरायला हरकत नाही.

१९१९ चा ‘कालिया मर्दन’ मात्र बराचसा टिकला आहे. कुणाला पाहायचा असेल तर इंटरनेटवर मिळतो, नातवंडांना किंवा भाच्यांना दाखवायलाही चांगला. कृष्णाचे काम फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी हिने केले आहे. कथा सुरू होण्याआधी ती नुसती कॅमेऱ्यासमोर बसते आणि तोंडाने भाव करून दाखवते. हसते, रुसते, रडकुंडीला येते. मग बघता बघता तोच चेहरा विरघळतो आणि त्या जागी कृष्णाच्या वेषातला तिचाच चेहरा येतो. मान हलत नाही, डोळे जिथल्या तिथे राहतात.